चित्रातली अक्षरं

फेब्रुवारी लागला की माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट दुखायला लागतं. पेन टेकतं तिथे एक घट्टा आहे. वर्षभर तो गप्प असतो. कोपरीत आमच्या इमारतीसमोरचा पिंपळ याच दिवसांत पानं टाकतो, आणि झाडायला येणारी बाई एकदा झाडून झालं की परत मागे वळून बघते आणि कपाळाला हात लावते. दुपारच्या वाऱ्याला कोरडी धूळ असते, आणि कुठूनतरी, या एवढ्या सिमेंटमध्ये कुठून ते कळत नाही, आंब्याच्या मोहोराचा वास असतो. रिक्षा स्टँडवर पारदर्शक पाऊच आणि पाण्याच्या बाटल्या घेतलेली मुलं दिसायला लागतात. त्यांच्या शेजारी त्यांच्याहून जास्त घाबरलेले आईवडील. परीक्षांचा मोसम आला, हे मला कॅलेंडर न बघता कळतं.

या वर्षी त्याच आठवड्यात आमच्या फोरमच्या ॲडमिनच्या पानावर पिवळी पट्टी आली. नवीन आवृत्ती उपलब्ध आहे, अपडेट करा. मी पान बंद केलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर पट्टी तिथेच. काही कामं करायची आहेत हे माहीत असतं, कशी करायची तेही आता माहीत झालेलं असतं, आणि तरी अंग उचलत नाही. पंचेचाळिशी ओलांडली की असं होतं म्हणतात. मला वाटतं वयाचा संबंध कमी आहे. एकदा हात पोळला की चुलीकडे जाताना पाय जड होतात, तसं काहीतरी.

फोरम म्हणजे इंटरनेटवरचा एक सूचनाफलक समजा. दृष्टिहीन मुलंमुली तिथे येऊन लिहितात, अमक्या तारखेला डोंबिवलीत पेपर आहे, लेखनिक हवा. त्यांनी तोंडी उत्तर सांगायचं, शेजारी बसून कोणीतरी ते उतरवून घ्यायचं. ज्याला जमेल तो खाली लिहितो, मी येतो. एवढंच त्याचं काम. सगळे विचारतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप का नाही काढत. ग्रुप काढून बघितलेले. सकाळी त्यावर शुभेच्छांची चित्रं पडतात आणि त्यांच्याखाली एखादीचा पेपर गाडला जातो. फोरमवर प्रत्येक मागणी आपल्या जागी उभी राहते, उत्तर मिळेपर्यंत.

मी यात आले ती आमच्या विहारातून. एका रविवारी वंदना झाल्यावर निनाद उभा राहिला. आमच्याच गल्लीतला, कॉम्प्युटर इंजिनियर. त्याने विचारलं, इथे बारावीपर्यंत शिकलेलं आणि पुढे न शिकलेलं कोणी आहे का. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्याने समजावलं, लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणाने खालचा असावा लागतो, म्हणजे उत्तरं परीक्षार्थीचीच राहतात. पदवीच्या पोरांना बारावीवाले लेखनिक हवेत आणि बारावी झालेलं जो तो पुढे शिकायला पळतो.

मी हात वर केला. मला पुढे शिकायचं होतं, पण मी मोठी होते आणि पाठीवर दोन भाऊ होते. आमच्या घरात तेवढं कारण पुरलं. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कमी शिकण्याची कोणाला तरी गरज पडली.

तेव्हापासून मी इतिहास लिहिला, राज्यशास्त्र लिहिलं, मराठी, समाजशास्त्र, एकदा तर तर्कशास्त्रही लिहिलं. कॉलेजांच्या तळमजल्यावर एक वेगळी खोली देतात, पंखा कुरकुरत असतो, बाहेर घंटा होते, आणि एक मुलगा किंवा मुलगी डोळे मिटल्यासारखा चेहरा करून बोलायला लागते. मी लिहिते. पदवीचे सगळे विषय माझ्या हाताखालून गेलेत, पदवी तेवढी राहिली.

निनादला परदेशात नोकरी लागली. जाताना त्याने फोरमचे पासवर्ड मला दिले, कारण बाकी कोणी घेईना. मी घोडबंदर रोडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करते, म्हणून त्याला वाटलं मला कॉम्प्युटर येतो. तो म्हणाला, ताई, काही करावं लागत नाही, आपोआप चालू असतं. हे वाक्य मी पुढे खूप वेळा आठवलं. दोन वर्षं खरंच चाललं आपोआप. मग जिथे आमचा फोरम ठेवलेला होता त्या कंपनीकडून मेल आला, की त्यांची जुनी प्रणाली महिनाअखेरीस बंद होणार, तुमचं सॉफ्टवेअर नवीन करून घ्या, नाहीतर उघडणार नाही. तो महिना फेब्रुवारी होता. तीन वर्षं झाली त्याला.

मी तो मेल बसमध्ये वाचला. संध्याकाळी घोडबंदरवर बस एकदा अडकली की माणूस काहीही वाचतो. चार वेळा वाचला. प्रत्येक शब्द ओळखीचा होता आणि मिळून काही कळत नव्हतं. निनादला फोन केला. त्याच्याकडे सकाळ होती, तो कुठेतरी घाईत चाललेला. त्याने सांगितलं, आधी बॅकअप घ्या, फाइल्सचा वेगळा आणि डेटाबेसचा वेगळा. मी विचारलं, फाइल्स म्हणजेच फोरम ना? तो म्हणाला, नाही ताई, फाइल्स म्हणजे घर, डेटाबेस म्हणजे घरातली माणसं. हे एवढं मला पक्कं समजलं. बाकी इंटरनेटवर शोधा, म्हणाला, सोपं आहे.

रविवारी जेवणं उरकल्यावर मी बसले. माझे मिस्टर खोपटच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक आहेत, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती आणि ते आत झोपलेले. पंख्याखाली वहीची पानं फडफडत होती, म्हणून वहीवर मी पोळपाट ठेवलेलं. वहीत मी एकेक पायरी मराठीत उतरवून घेतलेली. माणसं उतरवून घेतली. घर उतरवून घेतलं. नवीन फाइल्स जुन्यांवर चढवल्या, अर्धा तास ती निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मग फोरम उघडला आणि समोर पांढरं पान. त्यावर अक्षर नाही, चूक झाली असंही लिहिलेलं नाही. शेकडो मुलांच्या मागण्या, तारखा, कोणाचे आभार, कोणाचे निकाल, सगळं त्या पांढऱ्याच्या पलीकडे होतं की नव्हतंच, मला कळायला मार्ग नव्हता.

तीन तास लागले. निनादने कधीकाळी जोडलेली एक छोटी सोय नव्या आवृत्तीला चालत नव्हती. एकेक करून मी सगळ्या सोयी बंद केल्या आणि सातवी बंद केल्यावर फोरम उघडला. माणसं सगळी जागेवर. घर मात्र ओळखू येईना. जुना फोरम म्हणजे पांढऱ्यावर काळी अक्षरं, रेशनच्या दुकानावरच्या पाटीसारखा. आता गोल कोपरे, सुबक छोटी चित्रं, उत्तर द्यायला वळणदार बाण, शोधायला भिंग. मिस्टर उठून आले, चहा पिता पिता बघून म्हणाले, झकास झालंय. मलाही तसंच वाटलं. मी थकलेले आणि मला फार बरं वाटत होतं.

सोमवारी लॅबमध्ये जोशीकाकांचा फोन आला. जोशीकाका डोंबिवलीचे, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले, जन्मापासून दिसत नाही. फोरमवर सगळ्यात जुने तेच. नव्या मुलांना हिंमत देणं, उद्धट लिहिणाऱ्याला शुद्ध मराठीत जागेवर आणणं, ही कामं त्यांची. ते म्हणाले, "सुजाताबाई, पान उघडतं आहे, पण ते काही सांगत नाही."

मला कळेना. ते म्हणाले, ऐका. त्यांनी फोन कॉम्प्युटरजवळ धरला. दृष्टिहीन माणसांच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक आवाज असतो. तो आवाज म्हणाला, बटन. बटन. दुवा. बटन. बटन. दुवा. मी लॅबच्या जिन्यात उभी राहून ऐकत होते. शेजारून रक्त द्यायला आलेली माणसं उपाशी पोटी वर चढत होती. माझी सगळी सुबक चित्रं त्या आवाजाला नुसती बटनं होती. कुठलं उत्तराचं, कुठलं शोधायचं, कुठलं बाहेर पडायचं, काही नाही.

निनादने जुन्या फोरममध्ये प्रत्येक बटनामागे नाव लिहून ठेवलेलं. डोळ्यांना न दिसणारं, फक्त त्या आवाजासाठी. पण त्याने ते मूळ फाइलींमध्ये लिहिलेलं आणि मी मूळ फाइलींवरच नव्या फाइली चढवल्या. त्याची दोन वर्षांची कारागिरी मी माझ्या हाताने पुसली. माझ्याकडे बॅकअप होता, पण जुनं घर परत बांधता येत नव्हतं, जमीनच बदललेली.

मग मी शिकले. मूळ थीमला, म्हणजे फोरमच्या रंगरूपाच्या साच्याला, हात लावायचा नाही, तिच्या पोटी एक छोटी थीम करायची, आपले बदल तिच्यात ठेवायचे, म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये ते वाहून जात नाहीत. हे एका वाक्यात लिहिलं, शिकायला दहा दिवस गेले. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा उठायचंच असतं. बादल्या भरता भरता मी एकेका चित्रामागे नाव लिहायचे. उत्तर द्या. नवीन मागणी. मागे जा. कामावर निघायच्या आधी जोशीकाकांना फोन लावायचा, ते ऐकून सांगायचे. कधी एका चुकलेल्या स्वल्पविरामाने अख्खं पान डावीकडे कलायचं. मला ते दिसायचं, त्यांना नाही, आणि ते म्हणायचे, कलू द्या, वाचतंय ना. लॅबमध्ये मी एकदा कोणाच्या तरी हिमोग्लोबिनच्या जागी प्लेटलेटचा आकडा टाइप केला. वेळेत लक्षात आला. पण मॅडमनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतं.

त्या दहा दिवसांत फोरमवर एकही नवीन माणूस आला नाही. जुने येत होते, पण नवं नाव नाही. ऐन परीक्षांच्या तोंडावर. मला ते दिसलेलं. मी काय विचार केला असेल? मला वाटलं, यंदा सगळ्यांना लेखनिक मिळालेत बहुतेक. थकलेल्या माणसाला शांतता लगेच पटते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जोशीकाकांचा परत फोन आला. या वेळी त्यांनी आधी माझी तब्येत विचारली, मग म्हणाले की कल्याणच्या एका मुलीचा पेपर बुडाला. मनीषा नाव, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. ठरलेली लेखनिक दोन दिवस आधी काविळीने पडली. कोणीतरी फोरमचं नाव सांगितलं. तिने नाव नोंदवायचा प्रयत्न केला. नवीन आवृत्तीने, मला न विचारता, नाव नोंदवण्याच्या पानावर एक चित्र आणून बसवलेलं. वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र. चित्रातली अक्षरं टाइप करा, मग आत या. बनावट नावं येऊ नयेत म्हणून अशी सोय असते. मला ती कधी दिसलीच नाही, कारण मी कायम आतच होते. आणि ज्यांना ती अडवत होती, ते मला कळवायला आत येऊ शकत नव्हते.

दृष्टिहीनांच्या फोरमच्या दारात मी चित्र लावून ठेवलेलं.

मी तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकून कल्याणला गेले. मिस्टर म्हणाले, फोनवर बोल की. मला फोनवर बोलवेना. कल्याण पूर्वेला एका चाळीत, कॉमन गॅलरीच्या शेवटची खोली. मनीषाची आई एका नर्सिंग होममध्ये आया आहे, ती नुकतीच ड्युटीवरून आलेली. तिने चहा ठेवला. मला वाटलेलं दोघी ओरडतील. कोणी ओरडलं नाही, त्यामुळे मला बोलायला काही आधारच मिळेना. आईने सांगितलं, तिने चित्र बघून अक्षरं सांगायचा प्रयत्न केला, पण तिला इंग्रजी अक्षरं नीट येत नाहीत, त्यातून ती वाकडी. शेजारच्यांना बोलावलं, त्यांनी टाइप केली तर तोवर चित्र बदललं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पेपर सुरू झाला.

मनीषा पलंगावर मांडी घालून बसलेली. लहान चणीची, केस घट्ट बांधलेले. मी माफी मागितली. तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाली, "त्या पानावर लिहिलेलं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. मी दोन तास सिद्ध करत होते."

आवाजात राग नव्हता, जे झालं ते सांगत होती. मी चहाचा कप खाली ठेवला. मग मी म्हटलं, तुझा तो पेपर मी लिहीन, पुढच्या वेळी, तू म्हणशील तिथे. ती म्हणाली, बघू.

घरी जाऊन पहिलं ते चित्र काढलं. तर दोन दिवसांत शंभरेक बनावट नावं आली, औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिराती घेऊन. चित्राऐवजी साधा प्रश्न विचारता येतो असं कळलं. मी लिहिलं, पिकलेल्या आंब्याचा रंग कोणता? जोशीकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बाई, रंग नका विचारू. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आम्ही दोघांनी ठरवलं, मंगळवारनंतर कोणता वार येतो? त्याचीही किती उत्तरं येतात म्हणून सांगू. बुधवार, बुध, बूधवार, इंग्रजीतला बुधवार, एकाने तर लिहिलेलं, अर्थातच बुधवार. सगळी उत्तरं बरोबर धरायला शिकवलं मी फोरमला.

आता हे सगळं सवयीचं झालंय. यंदाची पिवळी पट्टी मी चार दिवस टाळली आणि पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, बसले. आता फोरमची एक नक्कल वेगळी ठेवते, आधी तिच्यावर अपडेट करते. जोशीकाका ऐकतात. मनीषाही ऐकते, ती आता एम.ए. करते. नवीन आवृत्तीत काहीतरी मोडलेलं असतंच. या वेळी तारखा अमेरिकन पद्धतीने वाचल्या जायला लागल्या, महिना आधी आणि दिवस नंतर. एखादा पोरगा चुकीच्या दिवशी कॉलेजला पोचला असता. ते दुरुस्त करून मगच खऱ्या फोरमवर चढवलं. पाच वाजले. पाठ धरलेली. आनंद असा काही झाला नाही. भांडी घासून ओटा पुसला की जसं वाटतं, तसं वाटलं, उद्या परत घासायची आहेत हे माहीत असून.

कधी कधी वाटतं सोडून द्यावं. निनादला लिहावं, दुसरं कोणीतरी बघ बाबा. बसमध्ये बसले असताना हे फार वाटतं, समोर मेट्रोचे खांब, मागे हॉर्न, गाडी हलत नाही, आणि खिशातला फोन थरथरतो की कोणीतरी पासवर्ड विसरलंय. कोणी मला हे करायला सांगितलेलं नाही, आणि मी केलं नाही तर काय होतं ते मी बघितलेलं आहे. या दोन गोष्टींच्या मध्ये माझे रविवार जातात.

मनीषाचा तो पेपर मी लिहिला. त्याच वर्षी, दिवाळीच्या आधीच्या सत्रात. उकाडा मी म्हणत होता, खोलीतल्या पंख्याला रेग्युलेटर नव्हता, एक तर वादळ नाहीतर बंद. विषय आधुनिक भारताचा इतिहास. तिने चांगली तयारी केलेली. ती बोलायची तशी, घाई न करता, वाक्य पूर्ण करून थांबायची, मला स्वल्पविराम द्यायलाही वेळ मिळायचा. तिसरा प्रश्न शेतकऱ्यांच्या उठावांवर होता. मी वाचून दाखवला. मी परत वाचला. ती बोटांनी बाकाची कड चाचपत होती. मग म्हणाली, हा राहू दे, मला आठवत नाही, पुढचा वाचा.

मला येत होता. त्याआधीच्या वर्षांत तोच प्रश्न मी तीन मुलांसाठी लिहिलेला. उठाव, कारणं, परिणाम, सगळं माझ्या हातात होतं. पर्यवेक्षक बाई दारात उभी राहून बाहेर कोणाशी तरी बोलत होती. आणि समोरची मुलगी या खोलीत इतक्या महिन्यांनी बसलेली होती ती माझ्यामुळे. चार ओळी लिहिल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? अक्षर तर माझंच होतं सगळीकडे. पेन कागदाच्या जरा वर धरून मी किती वेळ बसले माहीत नाही. मग चौथा प्रश्न वाचला.

पेपर संपल्यावर आम्ही कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो. तिची आई घ्यायला येणार होती. मनीषाने काठी घडी करून मांडीवर ठेवलेली. ती म्हणाली, "तो तिसरा प्रश्न तुम्हाला येत होता ना?"

मी विचारलं, कशावरून.

"पुढचा वाचायला तुम्ही वेळ लावलात."

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"पेन चाललेलं मला ऐकू येतं, ताई. तुम्ही लिहिलं असतंत तर कळलं असतं. मग मी परत तुमच्याकडून लिहून घेतलं नसतं."

ती हे अगदी सहज म्हणाली. फाटकाबाहेर उसाच्या रसवाल्याची घुंगरं वाजत होती. एका वर्गाचा पेपर सुटला, पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी धडधडत उतरून गेली. पोरं गेल्यावर मनीषा म्हणाली की फोरमवर शोधायचं बटन दोनदा वाचलं जातं, शोधा शोधा असं, बाकी सगळं आता नीट आहे.

घरी गेल्यावर बघते, म्हटलं मी.

"आज नको," ती म्हणाली. "तुमचा आवाज दमलाय. उद्या बघा."